साहेब ओरडला आणि खालून येणारी खबरच बंद झाली: इमोशनल इंटेलिजन्स शॉपफ्लोअरवर शिकता येतं का?

तिसरी_शिफ्ट | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असतो. आज लिहितोय, कारण घरी सांगितलं तर बायको म्हणते "मला हे माहीतच होतं", आणि कंपनीत सांगावं असं कुणी नाही.

भोसरी एमआयडीसीत एका ऑटो पार्ट व्हेंडरकडे प्रॉडक्शन मॅनेजर आहे. मशीन शॉप, तीन शिफ्ट, साधारण ७० माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टवर. बारा वर्षं क्वालिटीत काढली आणि दीड वर्षापूर्वी ही खुर्ची मिळाली.

आमच्याकडे एक जुने ऑपरेटर आहेत, त्यांना सगळेच मामा म्हणतात. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या सीएनसी मशीनवर ३८ जॉब (पार्ट) बोअर ओव्हरसाईज, म्हणजे आतलं भोक मापापेक्षा मोठं, निघाले. फायनल इन्स्पेक्शनला सापडले, बाहेर गेले नाहीत. तरी मी लाईनवर गेलो आणि सगळ्यांसमोर, आयटीआयच्या अप्रेंटिस पोरांसमोर, बोललो, "डोळे फुटले का? गेज काय पूजेला ठेवलाय?" मामा काही बोलले नाहीत. हातातलं फडकं मशीनवर ठेवलं आणि पाणी प्यायला गेले.

संध्याकाळी कळलं की आधीच्या शिफ्टने भोक मोजायच्या बोअर गेजचं झिरो चुकीच्या सेटिंग रिंगवर, म्हणजे माप जुळवायच्या रिंगवर, केलं होतं. मामांना रीडिंग ओकेच दिसत होतं. मला कळलं आणि मी गप्प बसलो. साहेबाने माफी मागायची नसते, अशी काहीतरी डोक्यात समजूत.

त्यानंतर पाचेक आठवड्यांनी कस्टमरच्या चाकणच्या प्लँटला आमच्या फ्लँजचे बोल्ट बसेनात. होलची पोझिशन हललेली. व्हीएमसी या मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा क्लॅम्प झिजला होता, कटिंगमध्ये जॉब किंचित सरकत होता. ६४० जॉब गेले होते. दोन दिवस त्यांच्याकडे सॉर्टिंग, वर डेबिट नोट, म्हणजे नुकसान आमच्या नावावर.

चूक का झाली आणि उपाय काय, हे कस्टमरला कळवायचा ८डी रिपोर्ट मी लिहिला. कारण: क्लॅम्प झिजला. उपाय: पीएम (मशीनची ठरलेली देखभाल) चेकशीटमध्ये पॉइंट वाढवला. रिपोर्ट पास झाला. मग एका हेल्परकडून कळलं की क्लॅम्प ढिला लागतोय हे सेकंड शिफ्टच्या पोरांना चार दिवस आधीपासून माहीत होतं. त्यांनी मामांना सांगितलं होतं. मामा म्हणाले होते, "साहेबांचे डोळे शाबूत आहेत. त्यांना दिसेल."

८डीमध्ये याच्यासाठी रकाना नाही.

एचआरने मला आणि अजून चौघांना लोणावळ्याला 'इमोशनल इंटेलिजन्स फॉर लीडर्स'च्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. डोळे मिटून समुद्रकिनारा आठवायला सांगितला. माझ्या डोळ्यांसमोर डेबिट नोट आली.

प्रश्न दोन. हे इमोशनल इंटेलिजन्स, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागणं, खरंच शिकता येतं का? आणि आता दोन महिन्यांनी मामांची माफी मागायची तर कशी?

पांढरा_रस्सा | शनिवार, रात्री ११:३२

साहेबानं माफी मागितली की दुसऱ्या दिवशी अर्धी शिफ्ट डोक्यावर बसत्या. आमच्या शिरोलीत बघितलंय. बघा बुवा.

सलाईन | रविवार, सकाळी ६:०५

नाइट संपवून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

मी एका हॉस्पिटलमध्ये वॉर्ड इनचार्ज आहे. आमच्याकडे इन्सिडंट रजिस्टर असतं. औषध चुकलं, वेळ चुकली, पेशंट पडला, सगळं त्यात लिहायचं. माझ्या वॉर्डचं रजिस्टर वर्षभर जवळजवळ कोरं होतं आणि मला त्याचा अभिमान होता! मीटिंगमध्ये मी ते मिरवायचे.

मग एका ट्रेनिंगमध्ये एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं काम ऐकलं. नव्वदच्या दशकात त्या अमेरिकेत हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर काम करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीमकडून चुका कमी होतील. आकडे उलटेच आले, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. खोदून पाहिल्यावर लक्षात आलं की त्या टीम जास्त चुकत नव्हत्या, जास्त सांगत होत्या. जिथे इनचार्जची दहशत होती तिथे चुका गिळल्या जात होत्या. त्यांचा हा पेपर १९९६चा, आणि पुढे १९९९मध्ये त्यांनी टीमच्या 'सायकॉलॉजिकल सेफ्टी'वर, म्हणजे न घाबरता बोलता येण्यावर, लिहिलं.

ऐकताना माझे कान गरम झाले. माझं कोरं रजिस्टर आठवलं. आमच्या ज्युनिअर सिस्टर मला बघून मेडिसिन ट्रॉलीच्या मागे जायच्या, ते मी शिस्त समजत होते.

मी एकच केलं. पुढच्या महिन्याची पहिली नोंद माझी स्वतःची टाकली. एक अँटिबायोटिक एक तास उशिरा दिलं होतं, ते. हँडओव्हरला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. त्या महिन्यात ९ नोंदी झाल्या. मेट्रन घाबरल्या, म्हणाल्या तुझा वॉर्ड बिघडला काय!

खडूस_एचआर | रविवार, सकाळी ९:४८

लोणावळ्याला पाठवणाऱ्यांच्या जातीतलाच मी, तेव्हा थोडं आमच्या बाजूने.

हा शब्द अभ्यासकांच्या जगात रुळला तो पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांच्या १९९०च्या पेपरपासून. त्यांच्या लेखी ही एक क्षमता होती: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांतला फरक कळणं आणि त्या माहितीचा विचार करताना वापर करणं. डॅनियल गोलमन यांच्या १९९५च्या पुस्तकाने तो घराघरांत नेला, आणि १९९८च्या त्यांच्या लेखात नेतृत्वासाठीची ती पाच अंगं आली जी प्रत्येक पीपीटीत असतात. स्वतःची जाण, स्वतःवर ताबा, आतून येणारी ऊर्मी, दुसऱ्याचं मन कळणं, माणसं जोडणं. लोणावळ्यात पाच पाकळ्यांचं फूल दाखवलं असेल. असतंच.

टीकाही भरपूर आहे. एडविन लॉक यांनी २००५मध्ये ही संकल्पनाच टिकत नाही असं लिहिलं. मला स्वतःला मोजमापाची अडचण जास्त वाटते. बऱ्याच चाचण्या म्हणजे माणसाने स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावल्या. 'मी तणावात शांत राहतो' यावर पूर्ण सहमत अशी टिक करणारे आमच्याकडचे दोन सर्वांत भडकू मॅनेजर मला माहीत आहेत. ज्याला स्वतःचं दिसत नाही त्यालाच 'तुला दिसतं का?' विचारायचं, असा तो प्रकार.

शिकता येतं का? समुद्रकिनाऱ्याने नाही. पण एक छोटी गोष्ट मी स्वतः वापरतो. मॅथ्यू लिबरमन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने २००७मध्ये दाखवलं की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीतीशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया कमी होते. प्रयोगात लोक चेहऱ्यांचे फोटो बघून नाव देत होते. शॉपफ्लोअर ही वेगळी चीज आहे, हे मान्य. पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

तेव्हा तिसरी_शिफ्ट, त्या सकाळी लाईनवर जाताना तुम्हाला नेमकं काय वाटत होतं? 'राग आला होता' हे उत्तर चालणार नाही.

चिक्कीवाला | रविवार, सकाळी १०:०२

लोणावळ्याहून काय आणलं ते कुणी विचारतच नाही.

तिसरी_शिफ्ट | रविवार, दुपारी १२:२०

@चिक्कीवाला, शेंगदाण्याची आणली. मामांनाही दिली. घेतली नाही.

@खडूस_एचआर, तासभर विचार केला. ८:४०ला कस्टमरच्या एसक्यूईचा (व्हेंडरची क्वालिटी बघणारा इंजिनिअर) फोन आला होता, दुसऱ्याच एका पार्टबद्दल. ८:५०ला एमडींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त माझं नाव आणि प्रश्नचिन्ह टाकलं. ९ वाजता ३८ जॉब कळले. खरं सांगायचं तर राग नव्हताच. पोटात गोळा आला होता. आता खुर्ची जाते, बारा वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाच्या शॉपमध्ये क्वालिटीच गेली म्हणून हसतील, असं काहीतरी. मामा फक्त वाटेत आले.

शब्दवेल्हाळ | रविवार, दुपारी १:१५

याला आपल्याकडे धास्ती म्हणतात. तिसरी_शिफ्ट यांनी ती उतरवली रागाच्या रूपात.

मराठीची मास्तरीण आहे, म्हणून राहवत नाही. आपण हल्ली सगळ्याला 'टेन्शन' नाहीतर 'राग' म्हणून मोकळे होतो. पण भाषेत बघा काय काय आहे. चीड येते ती अन्यायाची. वैताग येतो तेच तेच करून. त्रागा हा आपल्याच माणसांवर, आणि तो करताना माणूस स्वतःलाच जास्त लावून घेतो, जेवणाचं ताट सारून उठतो. चरफड होते ती काही करता येत नाही तेव्हा. धुसफूस एकट्याची नसते, ती चार जणांत दबून चालते. घुसमट म्हणजे बोलायचं आहे पण जागा नाही. आणि ओशाळणं हे चूक कळल्यानंतरचं.

तुमच्या गोष्टीत हे सगळे शब्द हजर आहेत! तुमची धास्ती, मामांची चरफड, सेकंड शिफ्टची धुसफूस, हेल्परची घुसमट, आता तुमचं ओशाळणं. प्रत्येकावरचा उतारा वेगळा. वैतागलेल्याला सुट्टी दिली तर भागतं, चिडलेल्याला सुट्टी दिली तर तो अजून चिडतो.

लाल_बावटा | रविवार, दुपारी ३:४०

सगळं छान चाललंय. दोन कडू गोष्टी सांगतो.

एक. तिसरी_शिफ्ट, एमडींनी प्रश्नचिन्ह टाकलं तेव्हा तुम्ही ग्रुपवर 'डोळे फुटले का' असं लिहिलंत का? नाही ना? 'नोटेड सर' लिहिलं असेल. म्हणजे रागावर ताबा तुम्हाला व्यवस्थित येतो. फक्त तो वरच्या दिशेने चालतो. जिथे समोरच्याच्या हातात तुमचं काही आहे तिथे तुमचा इमोशनल इंटेलिजन्स उत्तम आहे. ट्रेनिंगची गरज नाही, दिशा बदला.

दोन. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३मध्ये विमानातल्या एअर होस्टेसच्या कामावर लिहिताना भावनिक श्रम ही कल्पना मांडली. हसणं हेच काम, आणि त्या हसण्यावर मालकी कंपनीची. त्यांनी वसुलीवाल्यांचाही अभ्यास केला होता. तिथे कठोर राहणं हे काम. आता आमच्या युनिटमध्ये काय होतं? मॅनेजर ट्रेनिंगहून येतो, खांद्यावर हात ठेवतो, "घरचे कसे आहेत?" विचारतो आणि रविवारचा ओव्हरटाईम काढून घेतो. ओरडणारा परवडला, तो निदान काय आहे ते कळतं. गोड बोलून गळा कापणाऱ्याला तुम्ही भावनिकदृष्ट्या हुशार म्हणणार का? कारण समोरच्याचं मन तर त्यालाही पक्कं कळतं.

आणि मामा बहुतेक पर्मनंट असतील, म्हणून त्यांना टोमणा मारता आला. कॉन्ट्रॅक्टच्या पोराला तुम्ही तेच बोलला असता तर त्याने काय केलं असतं? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर दुसरा पोरगा. त्याची माफी कुणाकडे मागणार?

खडूस_एचआर | रविवार, दुपारी ४:०५

पहिला मुद्दा जिव्हारी लागला. माझ्याही.

दुसऱ्यावर मात्र थोडं भांडतो. खांद्यावर हात ठेवून ओव्हरटाईम काढणारा पोरांना दोन-तीन वेळाच फसवू शकतो. चौथ्या वेळी हात खांद्यावर आला की पोरगा आपोआप वाकतो, खांदा चोरतो. बघा कधीतरी.

व्हर्नियर | रविवार, संध्याकाळी ६:३०

मी टूलरूममध्ये २२ वर्षं आहे. सगळे मामांच्या बाजूने बोलतायत म्हणून एक सांगतो. शिफ्टच्या सुरुवातीला ऑपरेटरने स्वतः रिंगवर झिरो तपासायचा असतो. मागच्या शिफ्टने चुकीचं केलं तरी मामांनी पहिल्या जॉबच्या आधी पकडायला हवं होतं. चूक त्यांची होती, निम्मी तरी. ती सांगायलाच हवी होती. नाहीतर उद्या इमोशनल इंटेलिजन्सच्या नावाखाली कुणी कुणाला काही बोलणारच नाही, आणि कस्टमर बोलेल.

पण 'झिरो तपासला नाही' हे बोलणं वेगळं आणि 'डोळे फुटले' वेगळं. पहिल्यात गेज आहे, रिंग आहे, उद्या काय करायचं ते आहे. दुसऱ्यात फक्त मामा आहेत.

टोयोटाचं अँडन, म्हणजे लाईनवर अडचण आली की इशारा द्यायची सोय, सगळ्यांनी पीपीटीत बघितलंय. दोरी ओढायची, टीम लीडर येतो, ठरलेल्या जागेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाईन थांबते. आपल्याकडे कितीतरी कंपन्यांनी दिवे लावले, पिवळा, लाल, सगळे. दिव्यांवर धूळ आहे. कारण दिवा लावल्यावर जो येतो तो पहिलं विचारतो, "कुणी लावला?" टोयोटात येणारा विचारतो काय झालंय. सगळी सिस्टिम त्या पहिल्या वाक्यावर उभी आहे, बाकी वायरिंग कुणीही करेल.

बाय द वे, क्लॅम्प मेकॅनिकल आहे की हायड्रॉलिक? सीटिंग पॅड बघितले का?

हँगर_नंबर_दोन | रविवार, रात्री ८:१०

मी विमान मेंटेनन्समध्ये. आमच्या क्षेत्राने हा धडा ५८३ माणसं मेल्यावर घेतला.

२७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, धुकं. केएलएमचं ७४७ टेकऑफला निघालं, रनवेवर अजून पॅन अ‍ॅमचं ७४७ होतं. केएलएमचे कॅप्टन साधे नव्हते, कंपनीत ७४७च्या प्रशिक्षणाचे प्रमुख, जाहिरातीत फोटो असलेले. टेकऑफची परवानगी आलेली नव्हती. विमान धावू लागल्यावर मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं की ते पॅन अ‍ॅम रनवेवरून बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठासून 'झालं' म्हणाले. त्यानंतर तो पुन्हा बोलला नाही. काही सेकंदांत धडक.

विचार करा, तो इंजिनिअर बरोबर होता. त्याने विचारलंसुद्धा. एका ठाम होकाराने तो गप्प झाला. तिथे कुणी कुणावर ओरडलंही नव्हतं! उशीर झाला होता, ड्यूटीचे तास संपत आले होते, कॅप्टनला निघायची घाई होती. धास्तीच, शब्दवेल्हाळताई म्हणतात ती.

१९७९मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१मध्ये युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांसाठी पहिला मोठा कोर्स सुरू केला. आज त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. त्यात कॅप्टनला गोड बोलायला शिकवत नाहीत. ज्युनिअरची शंका पूर्ण ऐकायला शिकवतात, आणि ज्युनिअरला दुसऱ्यांदा, अजून स्पष्ट बोलायला. सुरुवातीला जुन्या कॅप्टनांनी याची टिंगलच केली. लोणावळा तिथेही होतं.

निवृत्त_शाखाधिकारी | रविवार, रात्री ९:५५

माफीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाखा सांभाळत होतो. संध्याकाळी कॅश ५,००० रुपये कमी आली. कॅशिअर बिचारा घामाघूम. मी काउंटरबाहेर ग्राहक उभे असताना म्हणालो, "खिसे बघा जरा स्वतःचे." अर्ध्या तासाने एका व्हाउचरची पोस्टिंग दोनदा झालेली सापडली. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, मनापासून सॉरी म्हणालो. तो "ठीक आहे साहेब" म्हणाला. सहा महिने माझ्याशी कामापुरतं बोलला, मग बदली मागून गेला.

जाताना शिपायाला म्हणाला होता, "चोर म्हणाले गावासमोर, सॉरी म्हणाले भिंतीसमोर."

तुम्ही लाईनवर बोललात ना, मग लाईनवरच. तीच वेळ, तीच माणसं, ती अप्रेंटिस पोरं असतील तर उत्तम. लांबण लावू नका. आणि 'पण' हा शब्द वापरू नका. 'मी चुकलो, पण प्रेशर होतं' यातलं ऐकणाऱ्याला फक्त दुसरं अर्धं ऐकू येतं. प्रेशर त्यालाही होतंच.

चहा मागवू नका.

पांढरा_रस्सा | रविवार, रात्री १०:०८

काका, हे भारी सांगितलंत. मी माझं वरचं मत निम्मं मागं घेतो. निम्मंच.

तिसरी_शिफ्ट | सोमवार, रात्री ९:३०

केलं.

फर्स्ट शिफ्टला सात वाजता पाच मिनिटांची मीटिंग असते, सेफ्टी आणि कालचं रिजेक्शन सांगायला. मामा मागे मशीनला टेकून उभे. रात्रभर वाक्यं पाठ केली होती, ऐनवेळी सगळी गेली. म्हणालो, "दोन महिन्यांपूर्वी मी मामांना इथेच, तुमच्यासमोर नको ते बोललो. गेजचं झिरो चुकलं होतं हे मला त्याच संध्याकाळी कळलं, मी सांगितलं नाही. माझं चुकलं." काका, 'पण' ओठावर आला होता, गिळला. मग व्हर्नियर यांचंही ऐकलं, झिरो प्रत्येकाने शिफ्टच्या सुरुवातीला स्वतः तपासायचा हे सगळ्यांना सांगितलं, मामांकडे न बघता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन पोरं खाली बघत होती. मामांनी मान हलवली की माशी उडवली ते कळलं नाही.

साडेनऊच्या चहाला मामा आपणहून आले. म्हणाले, "साहेब, ते माफीचं राहू द्या. दोन नंबर व्हीएमसीचा क्लॅम्प पण त्याच लॉटचा आहे. तोही वाजतोय. आधी तो बघा."

गेलो, बघितला. पॅड झिजलेला. ८डीमध्ये मी फक्त एक नंबरचंच लिहिलं होतं.

@लाल_बावटा, कॉन्ट्रॅक्टची पोरं अजून गप्पच आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

व्हर्नियर | सोमवार, रात्री ९:४१

दोन नंबरवरून शेवटच्या लॉटचे किती गेले? सेगरिगेट केले ना, वेगळे काढून?

तिसरी_शिफ्ट | सोमवार, रात्री ९:५६

बाहेर काही गेलं नाही. स्टोअरमध्ये २१२ होते, होल्डवर टाकले. होलची पोझिशन तपासायचा रिसीव्हिंग गेज लावणं चालू आहे, आत्तापर्यंत १९ अडकले.

एमडींना अजून सांगितलेलं नाही. सकाळी नऊला सांगायचंय. आत्तापासूनच राग येतोय.

नाही, खोटं कशाला. धास्ती आहे.